मैदानावरचे मन : सजगता-प्रशिक्षण आणि खेळाडूंची कामगिरी

खेळाडूच्या तयारीचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतो तो त्याचा देह. त्याचा आहार, व्यायाम, मैदान आणि साहित्य यांची चर्चा होते, सुविधांची मागणी होते आणि ती रास्तही असते. परंतु स्पर्धेच्या दिवशी ही सारी मेहनत ज्याच्या हाती असते, त्या मनाच्या तयारीला शाळांच्या वेळापत्रकात किंवा तालमींच्या दिनक्रमात स्वतंत्र जागा क्वचितच मिळते. ‘घाबरू नकोस’, ‘मन खंबीर ठेव’, ‘लक्ष दे’ असे उपदेश मात्र भरपूर केले जातात. लक्ष द्यावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे सहसा कोणी शिकवीत नाही.

मनाच्या तयारीचे महत्त्व किती, हे एका प्रसंगावरून ध्यानात येईल. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत शेवटचा एकच नेम उरला होता. त्या वेळी भारताचे अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हॅकिनेन यांचे गुण अगदी समान, म्हणजे ६८९.७ होते. दोघांची उपकरणे उत्तम, दोघांचे तंत्र जागतिक दर्जाचे आणि दोघांच्या पाठीशी अनेक वर्षांची साधना. बिंद्रा यांनी १०.८ गुणांचा नेम साधला. हॅकिनेन यांना ९.७ गुण मिळाले. लक्ष्यपटावर मोजल्यास हा फरक जेमतेम पावणेतीन मिलिमीटरांचा भरतो. एवढ्या अंतराने एकाला सुवर्णपदक मिळाले, भारताचे वैयक्तिक क्रीडाप्रकारातील ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक ठरले आणि दुसऱ्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. एका नेमावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. तरी ज्या पातळीवर शरीराची तयारी जवळजवळ समान असते, तेथे त्या क्षणी मन कोठे आहे हा प्रश्न निर्णायक ठरू शकतो, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मन त्या क्षणी जागेवर असावे यासाठी त्याला शिकविता येते काय? गेल्या चार दशकांत या प्रश्नाचा अभ्यास अनेक देशांत झाला असून त्यातून पुढे आलेली एक पद्धत म्हणजे सजगता-प्रशिक्षण होय. तिचे स्वरूप, तिच्यामागचे शास्त्र आणि तिच्या मर्यादा यांचा परिचय येथे करून दिला आहे.

सजगता म्हणजे काय?

‘माइंडफुलनेस’ या इंग्रजी नावाने जगभर रूढ झालेल्या संकल्पनेसाठी मराठीत ‘सजगता’ हा शब्द वापरला जातो. आत्ता, या क्षणी जे घडत आहे त्याकडे जाणीवपूर्वक आणि बरे-वाईट असा निवाडा न करता लक्ष देणे, अशी तिची थोडक्यात व्याख्या करता येईल. व्याख्या सोपी आहे; आचरण सोपे नाही. श्वासावर लक्ष ठेवून बसलेल्या माणसाचे मन काही क्षणांतच कालच्या भांडणाकडे किंवा उद्याच्या कामाकडे निघून जाते. ते गेले आहे हे लक्षात येणे आणि चिडचिड न करता त्याला परत आणणे, हाच या शिक्षणाचा गाभा आहे. मन भटकले म्हणजे सराव फसला असे नव्हे. बैठक मारताना खाली जाणे आणि वर येणे मिळून जशी एक बैठक पूर्ण होते, तसे मनाचे जाणे आणि परत येणे मिळून या व्यायामाचे एक आवर्तन पूर्ण होते.

या कल्पनेचे मूळ भारतीय आहे. पाली भाषेतील ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. ‘सतिपट्ठान सुत्त’ या बौद्ध सूत्रात श्वास, शरीर, संवेदना आणि चित्त यांच्या निरीक्षणाची पद्धत सांगितलेली आहे. ब्रिटिश पाली पंडित टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये ‘सति’साठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला. मराठी वाचकांना बौद्ध वाङ्मयाचा परिचय करून देण्याचे मोठे कार्य गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी केले. पुढे सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात येऊन विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचे धम्मगिरी हे या साधनेचे प्रमुख केंद्र बनले.

आधुनिक वैद्यकात या पद्धतीचा प्रवेश झाला तो अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ मध्ये दीर्घकालीन वेदना व ताण यांनी त्रस्त असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. विपश्यना, झेन आणि हठयोग या परंपरांतून त्यांनी सरावाचे प्रकार घेतले. परंतु त्यांतील धार्मिक विधी, मंत्र अथवा श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला. त्यामुळे ही पद्धत रुग्णालये, शाळा, सैन्यदले आणि पुढे क्रीडांगणे अशा सर्व ठिकाणी नेणे शक्य झाले.

दडपणाखाली काय घडते?

तालुकास्तरीय कबड्डी स्पर्धेतील अंतिम सामन्याची कल्पना करावी. लागोपाठ दोन चढायांत संघाला गुण मिळालेला नाही. तिसऱ्या चढाईत गुण न घेतल्यास चढाई करणारी मुलगी बाद होणार आहे. सरावात हीच मुलगी सहज बोनस घेते, हुलकावणी देऊन कोपरारक्षकाला टिपते. आज मात्र तिचे पाय जड होतात, दम लवकर तुटतो आणि ती मध्यरेषेकडे वळण्याआधीच पकडली जाते. सामना संपल्यावर ‘हिला स्पर्धेत खेळता येत नाही’ असा शेरा बसतो आणि पुढच्या वर्षी संघनिवडीच्या वेळी तो सर्वांना आठवतो. अशा एका शेऱ्याने किती गुणी मुलामुलींचा खेळ कायमचा सुटतो, याची नोंद कोठेही होत नाही.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने या मुलीला काय झाले? धोक्याची जाणीव होताच मज्जासंस्था शरीराला झुंजीसाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करते. ॲड्रिनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू ताठरतात. ही प्रतिक्रिया मुळात उपयुक्त आहे. थोडी उत्तेजना असल्याशिवाय चांगला खेळ होत नाही. ती मर्यादेबाहेर गेली की सूक्ष्म हालचाली बिघडतात आणि नजर आकुंचित होते. याहून मोठे नुकसान लक्षाचे होते. ते समोरच्या बचावपटूंवर न राहता मागच्या चुकीकडे, गुणफलकाकडे किंवा प्रेक्षकांत बसलेल्या वडिलांच्या चेहऱ्याकडे जाते.

कधी ते स्वतःच्याच हातापायांकडे वळते आणि हेही घातक ठरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुटबॉल खेळाडूंना चेंडू पायाने पुढे नेत असताना पायाची कोणती बाजू चेंडूला लागते याकडे लक्ष देण्यास सांगितले होते. नवशिक्यांना त्याचा उपयोग झाला. अनुभवी खेळाडूंची गती मात्र मंदावली. जे कौशल्य अंगवळणी पडलेले आहे त्यात जाणिवेने ढवळाढवळ केली, की ते विस्कटते. जिना भराभर उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करू लागल्यास पाऊल चुकते, तसाच हा प्रकार होय.

मग नको ते विचार मनातून हाकलून द्यावेत, असा सल्ला साहजिकच सुचतो. तोही फोल ठरतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात काही व्यक्तींना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगण्यात आले; त्यांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा आले. १९९८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फचा चेंडू टोलविणाऱ्यांना ‘चेंडू लक्ष्याच्या पुढे जाऊ देऊ नका’ अशी सूचना दिली. डोक्यात एक संख्या लक्षात ठेवण्याचे ओझे असताना नेमका तोच दोष अधिक घडला. ‘चूक करू नकोस’ असे मैदानाबाहेरून ओरडणाऱ्या हितचिंतकांनी हा प्रयोग जरूर ध्यानात घ्यावा.

सजगता-प्रशिक्षणाचा मार्ग येथेच वेगळा पडतो. भीतीचा विचार दाबून टाकावा असे ते सांगत नाही आणि ‘मी जिंकणारच’ असा विचार त्याच्या जागी बसवावा असेही सांगत नाही. छाती धडधडत आहे, भीतीचा विचार आला आहे, याची खेळाडूने नोंद घ्यावी, तो तेथेच असू द्यावा आणि लक्ष पुन्हा हातातील कामाकडे आणावे, एवढीच अपेक्षा असते. भीती नाहीशी होणे ही चांगल्या खेळाची पूर्वअट नाही. भीती असतानाही लक्ष जागेवर ठेवता येते, हे शिकणे म्हणजे या प्रशिक्षणाचे सार होय.

श्वासालाच आधार का मानले जाते, याचेही उत्तर येथे मिळते. श्वास आपोआप चालतो, पण त्यावर काही अंशी आपली सत्ताही चालते. तो नेहमी वर्तमानातच असतो. कालचा श्वास आज घेता येत नाही. शिवाय श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे शरीरशास्त्राने सिद्ध केलेले आहे.

नौकानयनापासून नेमबाजीपर्यंत

क्रीडाक्षेत्रातील पहिल्या प्रयत्नांपैकी एक खुद्द कॅबट-झिन यांचाच होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन तसेच १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी तयारी करणाऱ्या नौकानयनपटूंना सजगतेचा सराव दिला आणि त्याचा वृत्तांत १९८५ मध्ये कोपनहेगन येथील क्रीडा-मानसशास्त्राच्या जागतिक परिषदेत सादर केला. पदक मिळविणाऱ्यांपैकी काहींनी या सरावाचा स्पर्धेत उपयोग झाल्याचे सांगितले. तथापि हा अनुभवाचा वृत्तांत होता. काटेकोर तुलना नव्हती.

सर्वसामान्यांचे लक्ष या विषयाकडे वेधले ते बास्केटबॉलमुळे. शिकागो बुल्स या संघाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी १९९३ मध्ये जॉर्ज ममफर्ड या ध्यानशिक्षकांना खेळाडूंसाठी पाचारण केले. त्यानंतर १९९६, १९९७ आणि १९९८ अशी सलग तीन वर्षे त्या संघाने अजिंक्यपद मिळविले. मायकेल जॉर्डन यांच्यासारखा खेळाडू संघात असताना या यशाचे श्रेय ध्यानाला देणे अर्थातच योग्य होणार नाही. मात्र व्यावसायिक खेळातील मातब्बर संघही मनाच्या शिक्षणासाठी वेळ राखून ठेवतात, हे त्यामुळे जगासमोर आले.

पद्धतशीर अभ्यासक्रम तयार झाले ते या शतकात. फ्रँक गार्डनर व झेला मूर यांनी सजगता, स्वीकार आणि बांधिलकी या तीन तत्त्वांवर आधारलेली सात भागांची पद्धत विकसित केली आणि २००७ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. कीथ कॉफमन, कॅरोल ग्लास व डायान आर्नकॉफ यांनी तिरंदाज आणि गोल्फपटूंसाठी चार आठवड्यांचा अभ्यासक्रम आखून त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठीही तो राबविण्यात आला.

भारतात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यात ९६ पुरुष नेमबाजांचे दोन गट करण्यात आले आणि एका गटाला चार आठवडे सजगता-ध्यानाचा सराव देण्यात आला. सराव करणाऱ्या गटात स्पर्धापूर्व ताणाचे निदर्शक मानले जाणारे लाळेतील कॉर्टिसॉलचे प्रमाण घटले आणि नेमबाजीतील गुण सुधारले.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या बीएमएक्स सायकलपटूंवर झालेल्या अभ्यासात मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. सात आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर, आता श्वासाला अडथळा येणार अशी चाहूल लागताच, शरीराच्या आतील संवेदनांची दखल घेणारा मेंदूचा भाग अधिक सक्रिय होत असल्याचे दिसले. संकट कोसळण्यापूर्वी शरीराची सूचना ऐकू येऊ लागते, असा याचा अर्थ लावण्यात आला. परंतु खेळाडू होते अवघे सात, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

मायामी विद्यापीठात अमिषी झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या १०० महाविद्यालयीन खेळाडूंना हंगामापूर्वीच्या खडतर तयारीच्या काळात चार आठवडे प्रशिक्षण देण्यात आले. काहींना सजगतेचे, तर काहींना शरीर सैल सोडून विश्रांती घेण्याचे. त्या काळात खेळाडूंची अवधानशक्ती एकंदरीत घटली. सजगतेचा सराव ज्यांनी नेमाने केला त्यांच्या बाबतीत ही घट कमी होती. वर्गात नाव होते, पण सराव केला नाही, त्यांना हा लाभ झाला नाही.

आपल्या राज्यातील उदाहरण

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविल्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविणारे ते महाराष्ट्राचे पहिले खेळाडू. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून त्यांचे शिक्षण झाले. अंतिम फेरीच्या वेळी पोटात गोळा आला होता, हृदयाचे ठोके जोरात पडत होते; अशा स्थितीत आपण श्वासावर नियंत्रण ठेवले आणि काही निराळे करण्याच्या फंदात पडलो नाही, अशा आशयाचे निवेदन त्यांनी सामन्यानंतर केले होते.

कुसाळे यांनी वर वर्णन केलेल्यांपैकी एखादा विशिष्ट अभ्यासक्रम केला होता, असे यावरून सुचवावयाचे नाही. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतील खेळाडूचीही छाती धडधडते, ही त्यांच्या निवेदनातील लक्षणीय बाब आहे. शाळेच्या संघातील मुलाला ‘घाबरणे म्हणजे भेकडपणा’ असे न सांगता, ‘पदकविजेताही घाबरतो, फरक पडतो तो पुढे काय करावयाचे हे शिकल्याने’ असे सांगता येईल.

सराव कसा केला जातो?

खेळाडूंसाठीच्या अभ्यासक्रमांत एक क्रम कटाक्षाने पाळला जातो. आरंभ स्थिर बसण्यापासून होतो आणि शेवट प्रत्यक्ष खेळातील हालचालीत.

पहिल्या टप्प्यात पाठ सरळ परंतु न ताठवता बसावयाचे. डोळे मिटावेत किंवा नजर जमिनीकडे झुकलेली ठेवावी. नाकपुड्यांपाशी आत येणारा व बाहेर जाणारा श्वास जसा असेल तसा जाणावा. तो मुद्दाम लांबवू अथवा रोखू नये. म्हणूनच हा प्राणायाम नव्हे. मन गेले की ‘गेले’ एवढे जाणून ते परत आणावे. प्रारंभी पाच मिनिटे पुरेत.

दुसऱ्या टप्प्यात शरीराचे निरीक्षण केले जाते. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे क्रमाने लक्ष न्यावयाचे आणि तेथे ताण, ऊब, दुखरेपणा, जे असेल ते पाहावयाचे. खेळाडूला याचा दुहेरी उपयोग होतो. खांद्यात किंवा जबड्यात नकळत साठलेला ताण लक्षात येतो आणि दुखापतीची पूर्वसूचनाही वेळीच मिळू शकते.

तिसऱ्या टप्प्यात सावकाश चालणे व योगासने यांचा समावेश होतो. टाच टेकते, तळवा टेकतो, बोटे उचलली जातात, अशा क्रमाने स्पर्शाची जाणीव ठेवली जाते. गती हळूहळू वाढवून हीच जाणीव धावण्यात आणली जाते.

चौथा टप्पा खेळाचा. येथे लक्षासाठी एक साधी खूण निवडली जाते. धावपटूसाठी ती पावलांची लय असेल, तिरंदाजासाठी प्रत्यंचेचा स्पर्श, खो-खोपटूसाठी पाटीवर बसल्यावर पायांखालची जमीन, तर कबड्डीपटूसाठी मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीचा एक पूर्ण श्वास. चूक झाली किंवा पंचांचा निर्णय विरुद्ध गेला की या खुणेकडे परतावयाचे आणि तेथून पुढच्या कृतीकडे वळावयाचे. हालचालींतील बारकावे तपासत बसणे मात्र येथे अभिप्रेत नाही. ते काम सरावाच्या वेळचे आहे. बायलॉक यांच्या प्रयोगातील धडा येथे उपयोगी पडतो.

लाभ किती, मर्यादा कोणत्या?

कोणत्याही नव्या पद्धतीचा स्वीकार करताना तिच्याबद्दल काय सिद्ध झाले आहे आणि काय नाही, हे पाहणे सार्वजनिक कार्यकर्त्यांचे कर्तव्य ठरते. २०१७ मध्ये एका संशोधन-आढाव्यात नऊ चाचण्यांतील २९० व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. सजगता वाढल्याचे, ताणाशी संबंधित शारीरिक व मानसिक निदर्शक सुधारल्याचे आणि नेमबाजी व डार्टफेक यांत प्रत्यक्ष गुण वाढल्याचे त्यात आढळले. दुसऱ्या एका व्यापक आढाव्यात ६६ अभ्यास विचारात घेण्यात आले. चिंता घटते, खेळातील तल्लीनता वाढते आणि कामगिरीही सुधारते, असे निष्कर्ष त्यातही निघाले. परंतु पुराव्याचा दर्जा कनिष्ठ असल्याचे मतही संशोधकांनी स्पष्टपणे नोंदविले. अनेक अभ्यासांतील खेळाडूंची संख्या लहान होती आणि पुष्कळ ठिकाणी खेळाडूंनी स्वतःच भरलेल्या प्रश्नावल्यांवर भिस्त होती.

याचा अर्थ असा की, ज्या खेळांत स्थिरता आणि अचूकता निर्णायक असते तेथे लाभाची शक्यता अधिक दिसते. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांसारख्या खेळांत ती गृहीत धरण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही. सजगतेने स्नायूंचे बळ वाढत नाही, तंत्रातील दोष जात नाहीत आणि अपुऱ्या आहाराची भरपाई होत नाही. जे कौशल्य सरावाने कमावले आहे, ते ऐनवेळी हाती राहावे एवढेच तिचे काम.

शाळांच्या बाबतीत एक इशारा महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समावेश असलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. वर्गातील सर्व मुलांना सरसकट सजगतेचे पाठ दिल्याने, नेहमीच्या सामाजिक व भावनिक शिक्षणाच्या तुलनेत, त्यांच्या मानसिक आरोग्यात अधिक सुधारणा झाली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ही चाचणी खेळाडूंवरील नव्हती हे खरे. तथापि परिपत्रक काढून डोळे मिटावयास लावल्याने सजगता येत नाही, हा बोध तीतून घेण्यास हरकत नाही.

काही व्यक्तींना, विशेषतः ज्यांनी मोठा आघात सोसला आहे त्यांना, डोळे मिटून शांत बसल्यावर अस्वस्थता वाढू शकते. अशा विद्यार्थ्याला डोळे उघडे ठेवण्याची, उठून चालण्याची किंवा सरावातून बाहेर पडण्याची मुभा असली पाहिजे. सतत उदास राहणे, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास श्वासाचा सराव हा उपाय नव्हे. अशा वेळी वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर लावून ठेवणे उपयुक्त ठरेल.

शाळा आणि ग्रामपंचायती काय करू शकतील?

या प्रशिक्षणाला यंत्रसामग्री लागत नाही व इमारतही लागत नाही. लागते ती नियमितता. राज्यातील अनेक शाळांना आनापान, म्हणजे श्वासाच्या निरीक्षणाचा परिचय ‘मित्र’ उपक्रमाद्वारे यापूर्वीच झालेला आहे. तेथील शिक्षकांना खेळाच्या सरावाशी त्याची सांगड घालणे कठीण नाही.

पहिली गोष्ट म्हणजे शिक्षकाने किंवा प्रशिक्षकाने स्वतः काही आठवडे सराव करावा. जो स्वतः पाच मिनिटे बसलेला नाही, त्याला मुलाचे मन का पळते हे समजत नाही आणि मग तो मुलावर रागावतो. दुसरी गोष्ट, हा सराव सर्वांवर न लादता शाळेच्या संघातील इच्छुक खेळाडूंपासून आरंभ करावा. मैदानावरील रोजच्या सरावापूर्वी पाच ते दहा मिनिटे, सलग दोन महिने, असा नेम ठेवावा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी घाईने शिकविलेली सजगता दडपणात भरच घालते. तिसरी गोष्ट, नोंदी ठेवाव्यात. सरावाचे दिवस, सरावातील गुण आणि स्पर्धेतील गुण एका वहीत लिहून ठेवल्यास, या दोन गुणांतील तफावत कमी होते की नाही हे दोन हंगामांत शिक्षकालाच कळू शकेल. लाभ दिसला नाही तर पद्धत बदलण्यास संकोच नसावा.

ग्रामपंचायत सदस्यांचे कार्य निराळे आहे. मैदानालगत एखादी शांत खोली किंवा झाडाखालची जागा सकाळी सरावासाठी राखून ठेवणे आणि त्या वेळेत ध्वनिक्षेपक बंद राहील हे पाहणे त्यांना शक्य आहे. त्याहून मोलाचे आहे ते मैदानाभोवतीचे वातावरण. हरलेल्या मुलाचा जाहीर पाणउतारा करणारे पालक, चुकीवर शिव्या देणारे प्रेक्षक आणि निकालावर पैजा लावणारी मंडळी आजूबाजूला असतील, तर मुलाने श्वासाकडे कितीही लक्ष दिले तरी ते अपुरे पडेल. दडपण सोसण्याची सारी जबाबदारी मुलावर टाकून, दडपण निर्माण करणाऱ्यांनी मोकळे राहणे न्याय्य नाही.

हा सराव कोणत्या धर्माचा, अशी पृच्छाही गावात होण्याचा संभव आहे. त्याचे मूळ बुद्धाच्या उपदेशात आहे, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. परंतु येथे कोणाचे पूजन नाही, जप नाही आणि कोणतीही श्रद्धा स्वीकारण्याची अट नाही. श्वास सर्वांचाच असतो. पालकांना एकदा सरावास बसवून त्यांचे समाधान करणे, हा शंकानिरसनाचा उत्तम मार्ग होय.

पदके थोड्यांनाच मिळतात. शाळेच्या मैदानावर उतरणाऱ्या हजारो मुलांपैकी बहुतेकजण पुढे शेती, नोकरी किंवा व्यवसाय करतील. परीक्षेचे दालन, मुलाखतीची खोली, पिकाची चिंता, घरातील आजारपण अशा प्रसंगीही मन पळते आणि त्याला परत आणावे लागते. खेळाच्या निमित्ताने लागलेली ही सवय तेथेही उपयोगी पडू शकेल. तूर्त मात्र एवढे झाले तरी पुष्कळ आहे की, तिसऱ्या चढाईत पकडल्या गेलेल्या मुलीवर ‘हिला स्पर्धेत खेळता येत नाही’ असा शिक्का मारण्यापूर्वी, लक्ष परत कसे आणावयाचे हे आपण तिला कधी शिकविले होते काय, असा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने आणि संघनिवड करणाऱ्याने स्वतःला विचारावा.